न चुकणारी वही

तमिळ बोलीत यमाला 'एमन' म्हणतात आणि जपानीत 'एन्मा'. सुरुवातीच्या 'ए'चं हे सारखेपण योगायोगाचं आहे. तमिळ माणसाने संस्कृत 'यम' आपल्या जिभेवर रुळवून घेतला. जपानी नाव बौद्ध ग्रंथांच्या सोबतीने चीनचा वळसा घालून गेलं. देव मात्र एकच. रेड्यावर बसणारा, दक्षिण दिशेचा धनी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ज्याच्यासाठी आपल्याकडे कणकेचा दिवा दक्षिणेकडे ज्योत करून ठेवतात आणि भाऊबीजेला जो बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला जातो, तोच हा. एकमेकांशी फारसा संबंध न येता या देवाच्या वाट्याला तोक्यो आणि चेन्नई या दोन शहरांत एकच भूमिका आली: दोन्हीकडे तो पडद्यावरचा विनोदी अधिकारी झाला. तोक्योत 'होझुकी नो रेइतेत्सु' ही चित्रकथा आणि तिच्यावरून निघालेला ॲनिमे, तर चेन्नईत १९६० पासून आजवर येत राहिलेले यमलोकाचे चित्रपट. मरणानंतरचा न्याय ही काही हसण्याची गोष्ट नव्हे. तरीही पिढ्यान् पिढ्या माणसं तिथे हसायला का जातात, हा प्रश्न दोन्ही परंपरा शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.

आधी जपानी बाजू. नात्सुमी एगुची यांची चित्रकथा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात २०११ ते २०२० या काळात आली आणि तिचे ३१ खंड झाले. विट स्टुडिओने जानेवारी २०१४ मध्ये १३ भागांची पहिली मालिका काढली. दुसरी स्टुडिओ दीनने २०१७ आणि २०१८ मध्ये दोन टप्प्यांत आणली. नायक होझुकी हा एन्मा महाराजांचा मुख्य सचिव. कपाळावर एक शिंग, हातात काटेरी लोखंडी सोटा आणि चेहऱ्यावर कधीही हसू नाही. त्याच्या ताब्यात २७२ नरक आहेत, मेलेल्यांची गर्दी वाढते आहे, माणसं कमी पडताहेत आणि महाराज भले असले तरी ढिले आहेत. मग होझुकी नरकांची पाहणी करतो, नव्या राक्षसांची भरती करतो, युरोपच्या नरकातून आलेल्या सैतानाचं आदरातिथ्य करतो, आणि सुटीच्या दिवशी सोनमाशांसारखी फुलं येणारी, आवाज काढणारी झाडं वाढवतो. जपानी बाळगोपाळांचा लाडका वीर मोमोतारो राक्षसांशी लढायला नरकात येतो, तेव्हा त्याची लढाई होतच नाही. त्याचा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी नरकातच नोकरीला लागतात आणि तो स्वतः स्वर्गाच्या हद्दीतल्या औषधशाळेत उमेदवारी करू लागतो. सगळ्या मालिकेचा कल या एका प्रसंगात कळतो. पराक्रमाची गोष्ट सुरू होण्याआधीच ती नेमणुकीची गोष्ट होते.

हा विनोद एगुचींनी हवेतून काढलेला नाही. गेन्शिन या भिक्षूने ९८५ साली लिहिलेल्या 'ओजोयोशू' ग्रंथाने जपानला आठ उष्ण नरकांची तपशीलवार ओळख करून दिली. त्यांतल्या 'कोकुजो' या नरकाच्या नावाचा शब्दशः अर्थ काळा दोर, म्हणजे आपल्या पुराणांतलं कालसूत्र. आपल्याकडे वैतरणी गाईचं शेपूट धरून पार करतात, तिकडे सान्झू नदीच्या उताऱ्यासाठी मेलेल्याबरोबर सहा नाणी देतात. भीतीचा हा सारा ऐवज जपानी लोकांनी फार लवकर हसण्याला जुंपला. क्योगेन या जुन्या प्रहसनप्रकारातल्या 'आसाहिना' नाटकात एन्मा स्वतः सहा वाटा मिळतात त्या नाक्यावर येऊन उभा राहतो, कारण माणसं धर्माला लागून थेट स्वर्गात जाऊ लागली आणि नरक ओस पडला. ओसाकाकडच्या राकुगो कथाकथनात नरकाच्या सहलीची एक लांबलचक गोष्ट आहे, ती कात्सुरा बेइचो यांनी विसाव्या शतकात पुन्हा उभी केली. १६ जानेवारी आणि १६ जुलै हे नरकाच्या कढईचं झाकण उघडण्याचे, म्हणजे एन्माच्या सुटीचे दिवस मानले जात. एडो काळात दुकानांतल्या नोकरपोरांनाही याच सुमारास घरी जायला रजा मिळे. शिक्षकाच्या गुणांच्या वहीला जपानीत आजही 'एन्माची वही' म्हणतात. ॲनिमे येण्याच्या कितीतरी आधी जपानी मनात नरक म्हणजे एक कचेरी होती. तिला कामाचे तास होते, दप्तर होतं, रजा होती.

अशा विनोदाचं नेहमीचं स्पष्टीकरण असं दिलं जातं की माणूस ज्याला भितो त्याला हसून लहान करतो. हे स्पष्टीकरण अपुरं आहे. भीती हलकी करणं हाच हेतू असता, तर विनोद मरणाच्या क्षणाभोवती, देहाच्या यातनांभोवती फिरला असता. प्रत्यक्षात तो फिरतो तो मेजाभोवती, वहीभोवती, नोंदीभोवती, साहेब आणि हाताखालच्या माणसाभोवती. 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही आपली म्हणही मरणाविषयी नाहीच. तिची तक्रार कारभाराविषयी आहे: एकदा नियम मोडून उचलाउचल झाली की पायंडा पडतो. यमलोकाचा विनोद माणसाला धरून ठेवतो, कारण तिथे एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती इहलोकात मिळत नाही. प्रत्येकाचं प्रत्येक कर्म कुठेतरी नोंदलेलं आहे, आणि ती नोंद खोटी नाही. या विश्वासावर उभं राहूनच माणूस त्या कचेरीतल्या गोंधळाला हसू शकतो. वहीच खोटी निघाली, तर हसू उरणार नाही; आपल्या तालुक्याच्या कचेरीत उरतो तसा संताप तेवढा उरेल.

चेन्नईच्या चित्रपटांत याचा पुरावा भरपूर आहे. बंगालीतल्या दीनबंधू मित्र यांच्या कथेवरून १९५८ साली 'जमालये जीवंत मानुष' आला, भानू बंदोपाध्याय यांचा. जिवंत माणूस यमलोकात पोचण्याचं हे सूत्र मद्रासला यायला दोन वर्षंच लागली: सी. पुल्लय्या यांनी १९६० मध्ये तेलुगूत एन. टी. रामाराव यांना घेऊन 'देवांतकुडु' आणि तमिळमध्ये के. ए. तंगवेलू यांना घेऊन 'नान कंड सोर्गम्' केला. त्या काळी तेलुगू चित्रपटही मोठ्या प्रमाणावर मद्रासच्या कोडंबाक्कम-वडपळनी भागातच तयार होत, त्यामुळे यमलोकाची ही गोष्ट दोन भाषांत जवळजवळ एकाच अंगणात वाढली. १९७७ चा तेलुगू 'यमगोला' हा तिचा मोठा टप्पा: रामाराव यमलोकात जाऊन यमदूतांची संघटना बांधतात आणि यमराजाला जेरीस आणतात. १९८० मध्ये तोच तमिळमध्ये 'यमनुक्कु यमन' झाला, शिवाजी गणेशन यांना घेऊन. हिंदीत तो 'लोक परलोक' म्हणून आपल्याही ओळखीचा. मग १९८८ चा चिरंजीवींचा 'यमुडिकि मोगुडु' आणि त्यावरून १९९० मध्ये एस. पी. मुत्तुरामन यांनी केलेला 'अतिशय पिरवी'. त्याचे नायक रजनीकांत, म्हणजे बेंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, तेव्हा यमदरबारात अन्यायाचा जाब विचारणाऱ्या या तमिळ नायकामागे एक मराठी घर आहे. १९९४ मध्ये 'यमलीला' आला, १९९५ मध्ये तो तमिळमध्ये 'लकी मॅन' आणि हिंदीत 'तकदीरवाला' झाला. हिंदीतले कादर खान यांचे यमराज महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना आठवत असतील. पुढे २००८ मध्ये वडिवेलू यांचा 'इंद्रलोकत्तिल ना अळगप्पन' आणि २०१९ मध्ये योगी बाबू यांचा 'धर्मप्रभु', ज्यात म्हातारा यम निवृत्त होतो आणि गादी मुलाकडे जाते.

या सगळ्या चित्रपटांत नेमकं काय चुकतं ते तपासलं की एक नियम दिसतो. 'अतिशय पिरवी'त आयुष्य शिल्लक असलेला माणूस उचलला जातो. म्हणजे वहीत लिहिलेलं बरोबर होतं, आणणाऱ्यांनी घोटाळा केला. म्हणूनच नायक वहीच्याच आधारावर यमाशी भांडतो आणि त्याला दुसऱ्या देहात परत पाठवावं लागतं. 'लकी मॅन'मध्ये चित्रगुप्ताची भविष्याची वहीच पृथ्वीवर पडते आणि नायकाच्या हाती लागते. वही हरवते, यम आणि चित्रगुप्त तिच्यामागे वणवण फिरतात, तरी तिच्यात लिहिलेलं खरं ठरत राहतं. 'यमलीला'तला यम पृथ्वीवर येऊन आइस्क्रीमच्या मोहात पडतो, पण वही कशालाच भुलत नाही. साठ वर्षांत यमाला मूर्ख दाखवलं गेलं, चित्रगुप्ताला वेंधळा दाखवलं गेलं, दूतांना कामचुकार दाखवलं गेलं. पैसे चारून नोंदी फिरवलेली वही हा या चित्रपटांचा विषय मात्र झाला नाही. जपानी म्हण सांगते की नरकाचा निवाडाही पैशावर ठरतो, आणि राकुगोवाले तिचा खुशाल उपयोग करतात. तरी एन्माच्या दरबारातला, मेलेल्याची सगळी कर्मं दाखवणारा स्फटिकाचा आरसा कुणी खोटा पाडत नाही. होझुकी तर त्या म्हणीचा उलटा अवतार आहे. त्याला विकत घेता येत नाही, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांना नेमकं तेच हवं आहे.

चेन्नईला हा नियम का कळतो, याचं उत्तर शहरापासून पाऊणशे किलोमीटरवर कांचीपुरमला आहे. तिथे चित्रगुप्ताचं स्वतंत्र देऊळ आहे, आणि अशी देवळं भारतात थोडीच. मूर्तीच्या एका हातात लेखणी, दुसऱ्यात पोथी. चैत्री पौर्णिमेला, तमिळ पंचांगाच्या चित्रा पौर्णमीला, तिथे गर्दी लोटते. हिशेबनीस देवाला माणसं हिशेब नीट ठेव म्हणून हात जोडतात. पिढ्यान् पिढ्या गावांचे जमाखर्च लिहिणारा करुणीकर समाज त्याला आपला मूळपुरुष मानतो. दक्षिणेला कावेरीच्या मुलखात तिरुक्कडैयूर आहे. मार्कंडेयासाठी शिवाने यमाला लाथ मारली ती याच ठिकाणी, अशी श्रद्धा आहे, आणि साठी किंवा ऐंशी पुरी झालेली जोडपी आयुष्यासाठी तिथेच जाऊन शांत करतात. शिवाच्या पायाखाली पडलेला यम कितीतरी शतकांपासून तिथल्या ब्राँझमध्ये ओतला गेला आहे. यमाचं पडणं तमिळ माणसाला नवं नाही, आणि त्याने यमाचा मानही कमी होत नाही. याच भक्तीत वाढलेला प्रेक्षक 'लकी मॅन'ला हसला.

'लकी मॅन'मध्ये यम झाले गौंडमणि आणि चित्रगुप्त झाले सेंदिल. या जोडीचा तमिळ पडद्यावरचा ठरलेला खेळ असा की गौंडमणि शिव्या घालतात, हात उगारतात, लाथाही मारतात, आणि सेंदिल ते सोसून नवा घोळ घालतात. वरचा खालच्याला मारतो. होझुकीत हे पार उलटं आहे: सचिव आपल्या महाराजांना सोट्याने हाणतो, आणि महाराज विव्हळत कामाला लागतात. या फरकात दोन समाजांची कचेरीविषयीची कल्पना दिसते. चेन्नईच्या चित्रपटात वरचा अधिकारी बलवान पण अडाणी असतो, त्याचं राज्य धाकावर चालतं, आणि त्याच्या चुकीवर दाद मागायला बाहेरून कुणी नायक यावा लागतो. जपानी मालिकेत आतलाच एक माणूस कामाच्या निष्ठेने यंत्रणा सुधारतो. त्याचा राग आळसावर असतो, माणसावर नाही. चेन्नईचा प्रेक्षक चुकीला हसतो, कारण चुकीतून सुटकेचा रस्ता निघतो. जपानी प्रेक्षक चोखपणाला हसतो, कारण रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसणाऱ्या माणसाला तो आपलाच वाटतो. हसण्याची जागा वेगळी आहे, पण दोघांच्याही पायाखाली तीच वही आहे.

यावर एक आक्षेप जाणकारांकडून येईल आणि तो वजनदार आहे. जपानी नरकाची कचेरी ही मुळात चिनी गोष्ट आहे. मेलेल्याला एकामागून एक दहा राजांपुढे उभं करण्याची कल्पना चीनमध्ये घडली, तिथल्या साम्राज्याच्या नोकरशाहीच्या साच्यात, आणि एन्मा त्या दहांतला एक. मग तिची तुलना भारतीय यमाशी कशी करायची? दहा दरबारांची रचना चिनी आहे हे मान्यच आहे. पण लेखनिक ठेवून कर्मं नोंदवून घेणारा यम भारताला चीनकडून मिळालेला नाही. चित्रगुप्त पुराणांत आहे, गरुडपुराणात तर ठळकपणे. चीनने या कल्पनेला दालनं दिली, शिक्के दिले, पायऱ्या दिल्या. हिशेब ठेवला जातो हे बीज तिथे बौद्ध धर्माबरोबर गेलं असावं असं मानायला जागा आहे. आणि दोन समाजांनी ते वेगवेगळं शोधलं असलं, तरी माझं म्हणणं उलट अधिकच पक्कं होतं.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो: देवाची अशी थट्टा हा अपमान आहे. चेन्नईत हा प्रश्न पोकळ नाही, कारण या शहराने देवांची कडक चिकित्सा पाहिली आहे. पेरियार ई. व्ही. रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीने पुराणकथा जाहीर सभांत फोडून दाखवल्या, एम. आर. राधा यांचं रामायणावरचं नाटक १९५० च्या दशकात मोठ्या वादात सापडलं. त्या विनोदाला देव नाहीसा करायचा होता, आणि त्यामागे जातीच्या जाचाचा खरा अनुभव होता. यमलोकाचे चित्रपट त्या वाटेने गेलेच नाहीत. ते अधिक जवळचे आहेत तेरुक्कूत्तु या रस्त्यावरच्या नाट्याला, जिथे कट्टियकारन हा विदूषक राजा-देवांच्या प्रवेशात घुसून गावच्या भाषेत त्यांची फिरकी घेतो आणि खेळ रात्रभर भक्तिभावाने चालू राहतो. कोकणच्या दशावतारातला संकासुर किंवा गौळणीतला पेंद्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याचीच थट्टा होते.

मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप मात्र पेरियार यांच्याच बाजूचा आहे. वही न चुकणारी असेलही, पण ती लिहिली कुणाच्या नियमांनी? पुराणांतल्या नरकवर्णनांत वर्णाच्या मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठीही यातना राखून ठेवलेल्या आहेत. अशी वही चोख असणं हा दिलासा नाही, धोका आहे. तमिळ-तेलुगू चित्रपटांनी या प्रश्नाला हात घातला नाही; त्यांनी वहीतून वर्ण हळूच काढून टाकला आणि तिच्यात आजची पापं लिहिली: काळाबाजार, लाचखोरी, खुर्चीचा माज. प्रेक्षकांनी ती दुरुस्ती विनातक्रार स्वीकारली. एगुचींनी अधिक खोल जागी हात घातला आहे. होझुकी मूळचा माणूस होता, एक अनाथ पोर. पाऊस पडावा म्हणून गावाने त्याचा बळी दिला, आणि मरणानंतर तो राक्षस झाला. ज्याच्यावर गावाने धर्माच्या नावाने अन्याय केला, तोच पुढे साऱ्या मेलेल्यांच्या न्यायाची व्यवस्था लावतो. नरकाची घडी बसवणारा माणूस बळी दिलेल्यांतून यावा, ही त्या विनोदी मालिकेतली सर्वांत गंभीर गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे त्याचा कडकपणा क्रूर वाटत नाही.

चेन्नईचे चित्रपट कमी पडतात ते इथे, आणि हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्यांना यमलोकात राहवत नाही. धुराचे लोट, पुठ्ठ्याचे खांब, झुपकेदार मिशा, गदा, एखादं नृत्य, आणि चित्रपट पुन्हा पृथ्वीवर, प्रेमात आणि मारामारीत. कारण उघड आहे: नट मोठा आहे. रामाराव, शिवाजी गणेशन, रजनीकांत, चिरंजीवी यांच्यापुढे यम हरणार हे तिकीट काढतानाच ठरलेलं असतं, आणि हरण्यासाठीच आणलेल्या कचेरीचं कामकाज दाखवण्याची गरज कुणाला भासत नाही. होझुकीत कुणी येऊन नरक जिंकत नाही. छोट्या छोट्या गोष्टींत सगळा वेळ दप्तरातच जातो. म्हणून आपला यम लक्षात राहतो तो नटामुळे, आणि जपानी नरक लक्षात राहतो तो त्याच्या कामकाजामुळे. 'धर्मप्रभु'ने निवृत्ती आणि वारसा हा विषय घेऊन कचेरीत थांबायचा प्रयत्न केला, पण तोही पुरता टिकला नाही.

कचेरीत रमणारी गोष्ट रचायचं साहित्य मात्र दोन्हीकडून हाताशी आहे. जपानशी चेन्नईचं नातं आता नवं राहिलेलं नाही. ओरगडम-श्रीपेरुम्बुदूर पट्ट्यात जपानी कारखाने आहेत, शहरात जपानी भाषेचे वर्ग भरतात, आणि अलीकडच्या वर्षांत ॲनिमे तमिळ आवाजांतही येऊ लागले आहेत. उलट दिशेने १९९८ मध्ये रजनीकांत यांचा 'मुत्तु' तोक्योच्या शिबुया भागात कित्येक आठवडे चालला. होझुकीचा एन्मा पाहणाऱ्या तमिळ तरुणाला वही आणि नदी ओळखायला कुणाची मदत लागत नाही. आणि नटाशिवाय यमाला अडवणारी गोष्ट तर तमिळमध्ये कधीची लिहून ठेवलेली आहे. कथाकार पुदुमैपित्तन यांनी एका कथेत देवालाच मद्रासच्या ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर आणून उभं केलं; तिथे भेटलेले कंदसामी पिळ्ळै त्याला आपल्या वैद्यकीच्या मासिकाचा आजीव वर्गणीदार करून घेऊ पाहतात, आणि आजीव म्हणजे नक्की कुणाच्या आयुष्यापुरता असा पेच पडतो. 'कालनुम् किळवियुम्' या त्यांच्या दुसऱ्या कथेत यम एका खेड्यातल्या म्हातारीला न्यायला येतो. म्हातारी घाबरत नाही, गयावया करत नाही. तिच्याजवळचं काय तो नेऊ शकतो आणि काय नेऊ शकत नाही, एवढाच हिशेब ती त्याच्यापुढे मांडते. यमाला उत्तर सुचत नाही, आणि तो रेड्यावर बसून रिकाम्या हाताने परततो.